यकृताचा प्रगत कर्करोग : आयुष्यकाल ठरविणारे घटक

प्रास्ताविक

विद्यालयाच्या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचे आणि माजी विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाचे लेख असतात व ते असावयासच हवेत. तथापि येथून शिकून बाहेर पडलेल्यांपैकी अनेकजण आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांचे आईवडील साठी-सत्तरीच्या घरात आहेत. या वयात घराघरांतून ज्या आजारांची नावे ऐकू येऊ लागतात, त्यांपैकी यकृताचा कर्करोग हा एक होय. आपल्या करडी-मोहाडीच्या परिसरात त्याला ‘लिव्हरचा कॅन्सर’ म्हणतात. हा शब्द कानी पडताच कुटुंबाची प्रतिक्रिया बहुधा दोन टोकांची होते. कोणी म्हणतो, ‘आता काही उरले नाही, घरी घेऊन चला.’ कोणी म्हणतो, ‘शेत विका, पण मोठ्या दवाखान्यात न्या.’ बहुतेक वेळा हे दोन्ही निर्णय पुरेशा माहितीवाचून, घाबरलेल्या मनाने आणि एका रात्रीत घेतलेले असतात.

या लेखाचे प्रतिपादन असे की, यकृताच्या प्रगत कर्करोगात माणूस किती काळ जगेल हे दैवावर सोपवून देण्याजोगे नाही. ते नावे सांगता येतील अशा काही घटकांवर अवलंबून असते. त्यांपैकी काही घटक रुग्णाच्या शरीरात असतात आणि ते मोजता येतात. काही शरीराबाहेर असतात; निदान केव्हा झाले, दवाखाना किती दूर आहे, औषधाची किंमत काय आहे, हे ते घटक होत. शरीराबाहेरचे घटक माणसांनी घडविलेले असल्यामुळे माणसांना ते बदलताही येतात. प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे, वैद्यकाचा नव्हे. म्हणून येथे औषधयोजना सांगितलेली नाही. ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्यावी. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत आणि मिळालेल्या उत्तरांचा अर्थ कसा लावावा, एवढेच समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

यकृत आणि ‘प्रगत’ या शब्दाचा अर्थ

उजव्या बरगड्यांखाली असलेले यकृत प्रौढ माणसात साधारण दीड किलो वजनाचे असते. पित्त तयार करणे, रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन व रक्त गोठविणारी द्रव्ये बनविणे आणि शरीरातील विषारी पदार्थांचा निचरा करणे ही त्याची प्रमुख कामे. यकृताची राखीव शक्ती मोठी असते. त्यामुळे त्याचा बराच भाग खराब होईपर्यंत माणसाला काहीही जाणवत नाही; तो शेतात राबतो, बाजाराला जातो, लग्नात वाढपाला उभा राहतो. आजार उशिरा कळण्याचे पहिले कारण अवयवाच्या या स्वभावातच आहे.

यकृतात आढळणारी प्रत्येक कर्करोगाची गाठ यकृताची नसते. आतडे, जठर, स्तन अशा अन्य अवयवांतील कर्करोगही यकृतात पसरतो. त्याचा उपचार व भवितव्य वेगळे असते. या लेखाचा विषय यकृताच्या स्वतःच्या पेशींतून उद्भवणारा कर्करोग हा आहे. तो बहुतेक वेळा आधीच जखमी झालेल्या यकृतात उद्भवतो. हिपॅटायटिस बी किंवा सी या विषाणूंचा दीर्घ संसर्ग, दारू, मधुमेह व लठ्ठपणा यांसोबत येणारी यकृतातील चरबी या कारणांनी यकृत वर्षानुवर्षे सुजते आणि व्रण धरून कठीण होते. या अवस्थेला सिरोसिस म्हणतात. म्हणजे अशा रुग्णाला एकाच वेळी दोन आजार असतात : एक कर्करोग आणि दुसरा निकामी होत चाललेले यकृत. पुढील सर्व विवेचन समजण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवणे अत्यंत आवश्यक आहे.

गाठ यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेत शिरली, किंवा फुप्फुस, हाडे, लसिकाग्रंथी अशा ठिकाणी पसरली, किंवा कर्करोगामुळे रुग्णाची शक्ती खालावू लागली, की तो आजार ‘प्रगत’ समजला जातो. स्पेनमधील बार्सिलोना येथील तज्ज्ञांनी १९९९ साली मांडलेली अवस्थांची पद्धती आज जगभर वापरली जाते. तीत गाठीचा प्रसार, यकृताची शक्ती आणि रुग्णाची हिंडण्याफिरण्याची क्षमता या तिन्हींचा एकत्र विचार केलेला आहे.

आकड्यांचा अर्थ कसा लावावा?

कर्करोगाच्या चर्चेत ‘सरासरी इतके महिने’ असे शब्द ऐकू येतात. वस्तुतः तो आकडा बहुधा मध्यकाचा असतो. वर्गातील ४१ विद्यार्थी उंचीप्रमाणे रांगेत उभे केले तर एकविसाव्या विद्यार्थ्याची उंची हा त्या वर्गाचा मध्यक होय. वीस जण त्याहून ठेंगणे आणि वीस जण उंच. त्याचप्रमाणे ‘मध्यक आयुष्यकाल १० महिने’ याचा अर्थ असा की, निम्मे रुग्ण त्यापूर्वी गेले आणि निम्मे त्यानंतरही जगले; काही तर बरेच अधिक जगले. तो आकडा कोणा एका माणसाची मुदत नव्हे. आपला रुग्ण रांगेच्या कोणत्या बाजूला असण्याचा संभव आहे, हे पुढील घटकांवरून कळते.

पहिला घटक : यकृताची शिल्लक शक्ती

जपानमधील कुनिओ ओकुडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली ८५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी चार गोष्टी पाहिल्या : गाठीने यकृताचा निम्म्याहून अधिक भाग व्यापला आहे काय, पोटात पाणी झाले आहे काय, अल्ब्युमिन घटले आहे काय आणि बिलिरुबिन वाढले आहे काय. कर्करोगावर कोणताही खास उपचार न मिळालेल्यांपैकी ज्यांच्यात यांतील एकही खूण नव्हती त्यांचा मध्यक आयुष्यकाल ८.३ महिने होता. एक किंवा दोन खुणा असलेल्यांचा २ महिने. तीन किंवा चारही असलेल्यांचा ०.७ महिना, म्हणजे सुमारे तीन आठवडे. या चार खुणांपैकी गाठीशी संबंधित खूण एकच आहे. उरलेल्या तीन यकृताच्या कार्यशक्तीच्या आहेत. कर्करोगाचे नाव एकच असूनही आयुष्यात दहापटींहून अधिक अंतर पडले, ते मुख्यतः शिल्लक यकृतामुळे.

हीच शक्ती मोजण्यासाठी डॉक्टर चाइल्ड-प्यू नावाची पद्धती वापरतात. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, जलोदर आणि यकृताच्या दुर्बलतेमुळे येणारी गुंगी किंवा भ्रम या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण दिले जातात. एकूण ५-६ गुण म्हणजे ‘अ’ वर्ग, ७ ते ९ म्हणजे ‘ब’ आणि १० ते १५ म्हणजे ‘क’. येथे परीक्षेच्या उलट रीत आहे. गुण जितके अधिक तितकी स्थिती वाईट. ‘अ’ वर्गातील रुग्णाला कर्करोगावरील औषधे सोसू शकतात. ‘क’ वर्गात ती बहुधा लाभ देत नाहीत, उलट त्रास वाढवितात. विशेष म्हणजे या पाचपैकी तीन गोष्टी रक्तचाचणीतून आणि दोन डॉक्टरांच्या तपासणीतून कळतात. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

दुसरा घटक : गाठीचा प्रसार

गाठींची संख्या व आकार, पोर्टल शिरेतील शिरकाव आणि यकृताबाहेरचा प्रसार या तीन गोष्टी येथे पाहिल्या जातात. पोर्टल शिरेत गाठ शिरली की यकृताचा रक्तपुरवठा रोखला जातो. त्यामुळे पोटात पाणी वाढते, अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि रक्ताची उलटी होण्याचा धोका निर्माण होतो. मुख्य शिरेतील शिरकाव तिच्या लहान शाखेतील शिरकावापेक्षा अधिक गंभीर असतो. रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजेच एएफपी, या द्रव्याचे प्रमाण फार वाढलेले असल्यास आजार आक्रमक असण्याचा संभव अधिक. मात्र काही रुग्णांत हे द्रव्य वाढतच नाही; म्हणून केवळ या एका चाचणीवर निश्चिंत राहता येत नाही.

तिसरा घटक : रुग्णाची कार्यक्षमता

रुग्ण नेहमीची कामे करतो, केवळ हलकी कामे करतो, स्वतःचे आवरू शकतो पण काम करू शकत नाही, अर्ध्याहून अधिक दिवस अंथरुणात असतो, की पूर्णतः अंथरुणाला खिळला आहे, अशा ० ते ४ या पाच पायऱ्या डॉक्टर नोंदवितात. ही पायरी उपचाराची दिशा ठरविते. म्हणून डॉक्टरांपुढे रुग्णाला धडधाकट दाखविण्याचा किंवा मदत लवकर मिळावी म्हणून अधिक आजारी दाखविण्याचा मोह घरच्यांनी टाळावा. घरी तो दिवसाचे किती तास पडून असतो, हे खरेखुरे सांगणे हाच रुग्णाच्या हिताचा मार्ग आहे.

चौथा घटक : मूळ कारण आणि त्याचा बंदोबस्त

कर्करोग झाल्यावर मूळ आजाराकडे पाहून काय उपयोग, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. उपयोग आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू सक्रिय असेल तर तो शिल्लक यकृतही पोखरत राहतो. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर यांसारख्या गोळ्यांनी त्याला आवर घालता येतो, यकृताची शक्ती टिकते आणि कर्करोगाचे उपचार सोसण्याची मुभा मिळते. दारूमुळे यकृत खराब झाले असेल तर दारू पूर्ण थांबविल्यावर काही रुग्णांत जलोदर ओसरतो व वर्ग सुधारतो. मोहफुलांची असो की बाटलीबंद असो, यकृताच्या दृष्टीने दारू ही दारूच होय. ‘आता शेवटी थोडी घेऊ द्या’ असे म्हणणारा आप्त प्रेमापोटी बोलत असला तरी तो रुग्णाचे दिवस कमी करीत असतो.

पाचवा घटक : आहार आणि टाळता येणाऱ्या आपत्ती

आपल्याकडे कावीळ झाली की तेल, डाळ, अंडी बंद करून रुग्णाला उसाचा रस आणि फिका भात देण्याची पद्धत आहे. सिरोसिसच्या रुग्णात ही पद्धत घातक ठरते. यकृत दुर्बल झाल्यावर शरीर आपलेच स्नायू खाऊ लागते आणि स्नायू झिजलेला रुग्ण कमी जगतो. आजचे वैद्यकीय मत असे की, अशा रुग्णाला दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने मिळावीत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. डाळ, चणे, दूध-दही, अंडी आणि आपल्या जिल्ह्याच्या तलावांतील मासे यांतून ती मिळू शकतात. रात्रभर उपाशी राहू न देता झोपण्यापूर्वी थोडे खाण्यास द्यावे. पोटात पाणी असल्यास मीठ कमी करावे.

काही आपत्ती टाळता येण्याजोग्या असतात. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांमुळे सिरोसिसच्या रुग्णात रक्तस्राव होऊ शकतो व मूत्रपिंड निकामी होऊ शकते. बद्धकोष्ठामुळे भ्रम वाढतो. त्यासाठी डॉक्टर लॅक्टुलोज देतात. जलोदरात ताप आला किंवा पोट दुखू लागले तर संसर्गाचा संशय घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शौच डांबरासारखे काळे होणे ही आतील रक्तस्रावाची खूण होय. झाडपाल्याच्या औषधांबाबतही सावध राहावे. यकृताला इजा करणाऱ्या वनस्पती आहेत आणि पुडीत काय आहे हे देणारा सांगत नाही. प्रगत कर्करोगाच्या अनेक रुग्णांचा मृत्यू गाठीमुळे नव्हे, तर यकृत निकामी होऊन, रक्तस्रावाने किंवा संसर्गाने होतो. म्हणून या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनाही आयुष्यकालाच्या हिशेबात स्थान आहे.

औषधांनी काय साधले?

दीर्घकाळपर्यंत या अवस्थेत आयुष्य निश्चितपणे वाढविणारे औषध नव्हते. २००८ साली सोरॅफेनिब या गोळीचा ६०२ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांचा मध्यक आयुष्यकाल १०.७ महिने आणि न घेणाऱ्यांचा ७.९ महिने आढळला. पुढील वर्षी चीन, तैवान व दक्षिण कोरियातील २२६ रुग्णांच्या अभ्यासात हेच आकडे अनुक्रमे ६.५ व ४.२ महिने होते. औषध तेच, पण दुसऱ्या अभ्यासातील रुग्ण अधिक पुढच्या अवस्थेत होते. म्हणून औषध घेऊनही ते पहिल्या अभ्यासातील औषध न घेणाऱ्यांपेक्षा कमी जगले. आपण कोणत्या टप्प्यावर दवाखान्यात पोहोचतो याचे वजन औषधापेक्षा अधिक असू शकते, हे यातून दिसते.

२०२० साली ॲटिझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या दोन इंजेक्शनांच्या जोडीचा अभ्यास आला. पुढील पाठपुराव्यात या जोडीने मध्यक आयुष्यकाल १९.२ महिन्यांपर्यंत गेला, तर त्याच अभ्यासातील सोरॅफेनिबच्या गटाचा १३.४ महिने राहिला. ही प्रगती मोठी आहे. परंतु हे सर्व अभ्यास जवळजवळ पूर्णतः चाइल्ड-प्यू ‘अ’ वर्गातील, हिंडत्याफिरत्या रुग्णांवर झाले. ‘क’ वर्गातील, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी १९ महिन्यांच्या आशेवर शेत विकले, तर ती आशा त्या अभ्यासाने दिलेली नसते.

किंमत हाही घटक : मुंबईचा २०१२ चा निर्णय

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असे एक प्रकरण आपल्याच राज्यात घडले. सोरॅफेनिब हे औषध बायर ही कंपनी ‘नेक्साव्हर’ या नावाने विकत असे. २००८ साली तिला त्याचे भारतीय पेटंट मिळाले. रोज चार गोळ्या याप्रमाणे महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. वर्षाला ३३ लाखांहून अधिक. आयुष्य वाढविणारे औषध विज्ञानाने शोधले होते, पण भंडारा जिल्ह्यातील धान पिकविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हते.

हैदराबादच्या नॅटको फार्मा या कंपनीने आधी बायरकडे स्वेच्छा परवाना मागितला. तो न मिळाल्यावर २०११ साली तिने पेटंट कायदा १९७० मधील कलम ८४ अन्वये सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. या कलमात तीन कसोट्या आहेत : जनतेची वाजवी गरज भागते काय, औषध वाजवी किमतीत मिळते काय, आणि त्या शोधाचा वापर भारताच्या भूमीत होतो काय. तत्कालीन पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी ९ मार्च २०१२ रोजी मुंबई येथे तिन्ही कसोट्यांवर अर्जदाराच्या बाजूने निर्णय दिला. भारतातील हा पहिलाच सक्तीचा परवाना होय. नॅटकोने १२० गोळ्या ८,८८० रुपयांना विकाव्यात, बायरला विक्रीच्या ६ टक्के मोबदला द्यावा आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना औषध मोफत पुरवावे, अशा अटी घातल्या गेल्या. पुढे अपील मंडळाने २०१३ साली मोबदला ७ टक्के करून निर्णय कायम ठेवला. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला आणि डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

कंपनीच्या बाजूचा युक्तिवादही समजून घ्यावा. नवे औषध शोधण्यास प्रचंड खर्च येतो, अनेक प्रयोग वाया जातात आणि पेटंटचे संरक्षण नसेल तर संशोधनात पैसा कोण घालील, असा तो युक्तिवाद होता. तो क्षुल्लक नाही. म्हणूनच कायद्याने पेटंट रद्द केले नाही आणि मोबदलाही ठेवला. परंतु पेटंट हा समाजाने दिलेला हक्क आहे आणि त्यासोबत कर्तव्यही येते, हे तत्त्व या निर्णयाने प्रत्यक्षात आणले. २,८०,४२८ वरून ८,८८० ही घट सुमारे ९७ टक्क्यांची आहे. यासाठी कोणताही नवा वैज्ञानिक शोध लागला नाही. कायद्याचे एक कलम वापरले गेले. माणसाच्या आयुष्याचे काही महिने प्रयोगशाळेत ठरतात, तसे काही महिने कायदेमंडळात आणि न्यायालयातही ठरतात.

महाराष्ट्रात पुढे राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर लागू झाली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. मात्र कोणता उपचार योजनेत बसतो व कोणता बसत नाही, हे पैसे भरण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे.

निदानाची वेळ आणि अंतर

औषध स्वस्त झाले तरी रुग्ण उशिरा पोहोचला तर ते निरुपयोगी ठरते. करडीच्या माणसाला तपासणीसाठी भंडारा आणि कर्करोगाच्या उपचारासाठी नागपूर गाठावे लागते. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी, सोबत येणाऱ्याची मजुरी, प्रवास आणि जेवण यांचा खर्च येतो. म्हणून पहिली कावीळ झाडपाल्यावर काढली जाते, दुसरी गावातील इंजेक्शनवर आणि पोट फुगल्यावरच सोनोग्राफी होते. हा केवळ अज्ञानाचा परिणाम नाही. गरिबीचा हिशेबही त्यात आहे.

तरीही बदल शक्य आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंद घेणारे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी कर्करोगाविषयी बोलत. काही वर्षांत असे दिसून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. तेथे मोठे यंत्र आलेले नव्हते. माणसांनी माणसांशी नियमित बोलणे एवढेच घडले होते. यकृताच्या बाबतीत चीनमधील शांघाय येथे हिपॅटायटिस बीच्या सुमारे १८,८०० रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व एएफपी चाचणी योजली होती, त्यांच्यात यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी आढळले. ज्यांना सिरोसिस आहे किंवा हिपॅटायटिस बीमुळे अधिक धोका आहे, त्यांनी वर्षातून दोनदा सोनोग्राफी करावी, या आजच्या शिफारशीमागे असा आधार आहे.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

शेत, दागिने किंवा बैलजोडी विकण्याचा निर्णय घेण्यापूर्वी कुटुंबाने पुढील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

१. गाठ यकृतातच सुरू झाली आहे की दुसऱ्या अवयवातून आली आहे?

२. चाइल्ड-प्यू वर्ग कोणता? तो सुधारण्याचा संभव आहे काय?

३. गाठ पोर्टल शिरेत शिरली आहे काय? यकृताबाहेर पसरली आहे काय?

४. हिपॅटायटिस बी व सी या दोन्ही चाचण्या झाल्या आहेत काय? विषाणूवरील औषध सुरू केले आहे काय?

५. सुचविलेल्या उपचाराने किती काळ वाढण्याची अपेक्षा आहे, त्रास कोणता होईल, खर्च किती आणि तो योजनेत बसतो काय?

६. कर्करोगावरील उपचार न घेतल्यास वेदना, जलोदर व खाज यांसाठी काय करता येईल?

सहावा प्रश्न विचारण्यात पराभव नाही. वेदनाशमन व परिचर्या ही स्वतंत्र वैद्यकशाखा आहे. वेदना कमी झाली की रुग्ण जेवतो, झोपतो, घरच्यांशी बोलतो. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळविणे रुग्णालयांना फार कठीण झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट बरीच मोकळी केली. यकृत दुर्बल असताना मॉर्फिनची मात्रा अत्यंत जपून द्यावी लागते, म्हणून ती जाणकार डॉक्टरांकडूनच घ्यावी. ज्या घरात सत्य सांगितले जाते, तेथे रुग्णाला आपले मत मांडता येते. पैसा त्याच्या औषधावर जावा की नातवंडांच्या शिक्षणावर, हे विचारण्याचा आणि सांगण्याचा पहिला अधिकार त्याचाच आहे.

मुळाशी जाताना

केंद्र शासनाने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. शासनाच्या अंदाजानुसार देशात सुमारे ४ कोटी लोकांना हिपॅटायटिस बीचा आणि ६० लाख ते १ कोटी २० लाख लोकांना हिपॅटायटिस सीचा दीर्घ संसर्ग आहे. या कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. हिपॅटायटिस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो. हिपॅटायटिस बीसाठी लस आहे. बाळाला जन्मतः हा संसर्ग झाल्यास सुमारे ९० टक्के बाळांत तो कायम राहतो. प्रौढपणी झाल्यास ५ टक्क्यांहून कमी जणांत. म्हणून जन्मानंतर २४ तासांच्या आत दिला जाणारा पहिला डोस इतका महत्त्वाचा. तैवानने १९८४ साली नवजात बालकांचे लसीकरण सुरू केले आणि पुढील पिढीतील मुलांत यकृताचा कर्करोग घटल्याचे दाखवून दिले. भारतात २०११ पासून ही लस देशभरच्या नियमित लसीकरणात आहे. त्यापूर्वी जन्मलेले आपले बहुतेक माजी विद्यार्थी मात्र या कवचाबाहेर राहिले. त्यांनी एकदा रक्त तपासून घ्यावे आणि गरज असल्यास लस घ्यावी.

निवासी विद्यालयाच्या संदर्भात एक गोष्ट ठामपणे सांगणे आवश्यक आहे. हिपॅटायटिस बी हा एका पंगतीत जेवल्याने, एका माठातील पाणी प्याल्याने, हात धरल्याने किंवा शेजारी झोपल्याने पसरत नाही. तो रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि मातेकडून बाळाला होतो. २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्यामुळे या आजाराची भीषण साथ पसरली होती. म्हणून सुई, वस्तरा, दात घासण्याचा ब्रश व गोंदण्याची सुई यांबाबत कडक दक्षता घ्यावी. परंतु ज्याचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला, त्याचे ताट वेगळे काढू नये. ज्या समाजाने वेगळ्या ताटाचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या भोगला, त्याने आजाराच्या नावाने तो पुन्हा कोणाच्याही वाट्याला येऊ देऊ नये. बहिष्काराची भीती असेल तर लोक तपासणीच करणार नाहीत आणि आजार पुन्हा ‘प्रगत’ होऊनच समोर येईल.

धान्याबाबतही एक सूचना आहे. ओलसर राहिलेल्या मका, भुईमूग अशा धान्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताच्या कर्करोगाचे एक सिद्ध कारण आहे. १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या सीमाभागातील आदिवासी गावांत भिजलेला, बुरशी आलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे यकृताच्या आजाराने दगावली. बुरशी आलेले दाणे निवडून फेकावेत, धुऊन वापरू नयेत.

समारोप

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानलेले आहे आणि त्याच अनुच्छेदात मादक पेयांच्या बंदीचाही उल्लेख आहे. यकृताच्या कर्करोगाकडे पाहिल्यास या गोष्टी एकत्र का आल्या असाव्यात, हे सहज लक्षात येते. राज्याचे कर्तव्य राज्याकडून मागून घ्यावे लागते. ग्रामसभेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि जिल्हा रुग्णालयात मागावे लागते. आपल्या गावाजवळच्या केंद्रात हिपॅटायटिस बीची चाचणी होते काय, जन्मतःचा डोस प्रत्येक बाळाला मिळतो काय, हे प्रश्न कोणत्याही माजी विद्यार्थ्याला विचारता येतील.

येत्या माजी विद्यार्थी मेळाव्यात सत्कार आणि भोजनाबरोबर रक्ततपासणीचे एक टेबल मांडावे, अशी सूचना संयोजकांपुढे ठेवून हा लेख पूर्ण करतो. त्या टेबलावर ज्याचा आजार दहा वर्षे आधी कळेल, त्याच्या घरच्यांना वरील सहा प्रश्न विचारण्याची वेळ कदाचित येणारच नाही.